मीटरची चकती कशाने फिरते?

चुंबक लोखंडाला ओढतो, तांब्याला अथवा ॲल्युमिनियमला ओढत नाही, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. असे असूनही जुन्या वीजमीटरच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक पातळ चकती, कोणत्याही तारेला जोडलेली नसताना, केवळ चुंबकांच्या सान्निध्यात फिरत राहते. या चकतीचा वेग वाढला की घरातील कर्त्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते. ही चकती फिरते कशाने, हे समजून घेणे म्हणूनच केवळ कुतूहलाचा विषय नाही.

या कोड्याचा पहिला धागा पॅरिस येथे १८२४ मध्ये आरागो या शास्त्रज्ञाच्या हाती लागला. तांब्याची तबकडी फिरविली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसूची तिच्यामागोमाग फिरू लागते, असे त्याला आढळले. कारण मात्र उमगेना. ते उमगले १८३१ मध्ये, लंडनच्या मायकेल फॅरेडे याला. वाहक पदार्थाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले, की त्या पदार्थात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तार असेल तर प्रवाहाला ठरलेली वाट मिळते. सलग पत्र्यात तशी वाट नसल्यामुळे, नदीच्या डोहात पाणी गरगरावे तसा तो जागच्या जागी वर्तुळे घेऊ लागतो. यांनाच भोवरा प्रवाह असे म्हणतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ज्या बदलामुळे ते जन्मले त्या बदलालाच विरोध करतात. तांब्याच्या जाड नळीत सोडलेला जोरदार चुंबक दगडासारखा न पडता संथपणे खाली उतरतो, तो याच कारणाने. या प्रवाहांमुळे धातू तापतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ फूको याने १८५५ मध्ये दाखवून दिले.

मीटरमध्ये भोवरा प्रवाहांना दोन कामे दिलेली असतात आणि ती परस्परविरुद्ध आहेत, ही यातील खरी गंमत. चकतीच्या वर-खाली दोन विद्युच्चुंबक असतात. एकाची बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची गुंडाळी वीजदाबावर चालते. दुसऱ्याच्या जाड तारेच्या मोजक्या वेढ्यांतून घरात वापरला जाणारा प्रवाह जातो. दोघांची क्षेत्रे एकाच क्षणी शिगेला पोहोचत नाहीत, एकामागून एक पोहोचतात. त्यामुळे चकतीत उठणारे भोवरा प्रवाह तिला एकाच दिशेने ढकलतात. विजेचा वापर जितका अधिक, तितका हा रेटा अधिक. परंतु केवळ रेटाच असता तर चकती उत्तरोत्तर वेग घेत गेली असती. म्हणून तिच्या कडेशी एक कायम चुंबक बसविलेला असतो. तेथून जाताना चकतीत दुसरे भोवरा प्रवाह उठतात आणि ते वेगाच्या प्रमाणात लगाम घालतात. रेटा आणि लगाम यांचा मेळ बसल्याने चकतीच्या फेऱ्या म्हणजे विजेचा हिशेब ठरतो.

हा हिशेब ग्राहकाला स्वतः ढोबळमानाने पडताळता येतो. मीटरच्या पट्टीवर एका युनिटमागे किती फेरे, हा आकडा छापलेला असतो. तो ६०० असेल, तर इतर सर्व उपकरणे बंद करून १०० वॅटचा एकच दिवा लावल्यास चकतीने मिनिटाला एक फेरा घ्यावयास हवा. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये चकती नसते. तेथे लाल दिव्याच्या उघडझापी मोजाव्यात. आकडा ३२०० असेल तर त्याच दिव्याला सुमारे ११ सेकंदांनी एक लुकलुक होईल. जुन्या मीटरमधील कायम चुंबक क्षीण झाला तर लगाम सैल पडून चकती अधिक धावते व नुकसान ग्राहकाचे होते. टेकूचे घर्षण वाढले तर ती रेंगाळते व नुकसान खात्याचे. मोठा फरक आढळल्यास मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करणे हा सरळ मार्ग होय. मीटर उघडणे किंवा बाहेरून चुंबक लावणे हा २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

हेच प्रवाह अन्यत्र मात्र नकोसे होतात. रोहित्राचा गाभा एकसंध लोखंडाचा केला तर भोवरा प्रवाहांनी तो तापून वीज वाया जाईल. म्हणून तो सिलिकॉनमिश्रित पोलादाच्या पातळ, एकमेकींपासून विद्युत्दृष्ट्या अलग ठेवलेल्या पत्र्यांचा रचतात. पत्र्याची जाडी निम्मी केली की ही हानी चौथ्या हिश्शावर येते.

स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडीत याच उष्णतेचा उपयोग करून घेतला आहे. तेथे विस्तव नसतो, तापलेली तारही नसते; भांड्याच्या बुडातील भोवरा प्रवाहच भांडे तापवितात. आजीच्या तांब्यापितळेच्या पातेल्यांचा सामान्य इंडक्शन शेगडीवर उपयोग होत नाही, कारण या धातूंचा विद्युत्‌रोध फार कमी व ते चुंबकीयही नाहीत. नवे भांडे घेताना सोबत एक लहानसा चुंबक न्यावा. तो बुडाला घट्ट चिकटला तर ते भांडे शेगडीवर चालेल.