कोरियाच्या ताटात मीठ किती?

सात रस्त्याच्या परिसरात राहणारे एक निवृत्त शिक्षक परवा तपासणीला आले. वय ६४. रक्तदाब नऊ-दहा वर्षांपासून, पण गोळ्या नियमित, त्यामुळे एरवी १३०/८० च्या पुढे जात नाही. त्या दिवशी मात्र यंत्राने १७२/१०० दाखवला. थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नाही. घोट्यावर बोट दाबले तर खळगा पडत होता.

गुरुजी नुकतेच दक्षिण कोरियाहून परतले होते. मुलगा तिथे इंजिनियर आहे. त्याच्याकडे पती-पत्नी दीड महिना राहून आले.

"गोळ्या चुकल्या का?" मी विचारले.

"एकही नाही, डॉक्टरसाहेब. आणि खाणंही अगदी पथ्याचं. तळण नाही, तूप नाही. भात, पालेभाजी आणि दोन्ही वेळा गरम सूप. तिखटाचं म्हणाल, तर सोलापूरच्या माणसाला तिथलं तिखट काय लागणार!"

गुरुजी खोटे बोलत नव्हते. त्यांची गफलत एकाच ठिकाणी झाली होती. जे पोटाला हलके ते पथ्याचे, असे त्यांनी धरून चालले होते. आपल्यापैकी बहुतेकांचा हाच समज असतो. सूजेची इतर कारणे तपासून पाहिली, मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. त्या ठीक निघाल्या. शेवटी बोट मिठाकडेच वळले.

कोरिया आता आपल्याला पूर्वीइतका दूर राहिलेला नाही. कोरियन युद्ध थांबल्यावर १९५३ साली युद्धकैद्यांची देखरेख करायला भारतीय फौज तिकडे गेली, तिचे नेतृत्व कोल्हापूर भागातले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. त्या काळी आपल्याकडच्या सामान्य माणसाचा त्या देशाशी संबंध येण्याचे कारण नव्हते. आज पुणे जिल्ह्यात रांजणगाव, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. आपली मुले तिथे नोकरी करतात, प्रशिक्षणासाठी कोरियाला जातात, काही तिथेच स्थिरावतात आणि मग आई-वडिलांना बोलावून घेतात. म्हणून त्या देशाच्या खाण्यापिण्याची थोडी ओळख करून घेऊ.

ताट कसे असते?

कोरियन जेवणाचा पाया म्हणजे वाफेवर शिजवलेला चिकट भात. त्यात मीठ नसते. सोबत एक वाटी सूप आणि मध्ये मांडलेल्या अनेक लहान बशा. या तोंडीलावण्यांना 'पानचान' म्हणतात. त्यांत पालक, मोड आलेली कडधान्ये, मुळा, टोफू, समुद्रशेवाळ असे पदार्थ असतात. हॉटेलात या बशांचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात.

या सर्वांत मानाचे स्थान किमचीचे. चिनी कोबी मिठात मुरवून, धुऊन, त्याला लाल मिरचीची पूड, लसूण आणि आले लावून ती आंबवतात. हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी, शेजारीपाजारी मिळून वर्षाची किमची घालतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बायका मिळून पापड-कुरडया करतात तसेच. या प्रथेला 'किमजांग' म्हणतात आणि २०१३ साली युनेस्कोने ती मानवाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

भाज्या भरपूर, तेल कमी आणि आंबवलेल्या पदार्थांतले उपयुक्त जिवाणू, हे या आहाराचे गुण आहेत. मिरचीचे म्हणाल तर ती त्यांची नाही आणि आपलीही नाही. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातूनच आली. त्यांची मिरची रंगाने लालभडक असली तरी पुष्कळदा आपल्यापेक्षा सौम्य असते. तेव्हा शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसाने तिखटाला भिण्याचे कारण नाही.

मीठ येते कुठून?

आपले लोणचे ताटाच्या डाव्या कोपऱ्यात बसते, फोड-दीड फोड. किमची मात्र भाजीसारखी खातात. शंभर ग्रॅम किमचीत साधारण दीड ग्रॅम मीठ असते. सोयाबीन आंबवून केलेले 'ट्वेनजांग', मिरचीचे 'गोचुजांग' आणि सोया सॉस हे त्यांच्या स्वयंपाकाचे तीन आधार, तिन्ही खारट. त्यांवर केलेले एक वाटी सूप पूर्ण प्यायले की दीड-दोन ग्रॅम मीठ सहज पोटात जाते. गंमत अशी की तिखट, आंबट आणि गरम यांच्या आड खारटपणा जिभेला जाणवत नाही.

आता गुरुजींचा हिशोब मांडा. दोन वेळची सुपे, दोन वेळची किमची आणि वरचे सॉस. अळणी भात जमेला धरूनही आकडा आठ-नऊ ग्रॅमवर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. जास्तीचे मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. रक्तवाहिन्यांत वाहणाऱ्या रक्ताचे आकारमान वाढते, दाब चढतो, पाय सुजतात. गोळी आपले काम करत असते, पण समोरून तेवढेच ओझे टाकले जात असते.

कोरियन लोकांनाही याची जाणीव आहे. २०१० च्या सुमारास तिथले दरडोई मिठाचे प्रमाण दिवसाला १२ ग्रॅमच्या घरात होते. सरकारने मोहीम हाती घेतली आणि गेल्या काही वर्षांत ते ८ ग्रॅमच्या आसपास आले. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तिथे जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके आहे. हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि खारवलेले अन्न ही त्याची महत्त्वाची कारणे मानली जातात. म्हणून वयाच्या चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बिणीने जठर तपासण्याची राष्ट्रीय योजना तिथे राबवली जाते. महिना-दोन महिने गेलेल्या पाहुण्याने या आजाराची धास्ती घेऊ नये. आणि नाक मुरडण्याआधी हेही लक्षात ठेवावे, की आपल्या देशातल्या पाहणीतही मिठाचे प्रमाण दिवसाला आठ ग्रॅमच्या आसपासच निघाले आहे.

तेव्हा रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी सुपातले टोफू आणि भाज्या खाव्यात, पाणी वाटीत सोडावे. किमची दोन-तीन घास. 'बिबिमबाप' हा भात-भाज्यांचा पदार्थ चांगला, पण गोचुजांग वेगळे मागून चमचाभरच घ्यावे. पाकिटातल्या नूडल्स आता सोलापुरातही मुले आवडीने खातात. त्यांच्या एका पाकिटात मसाल्यासह चार ग्रॅमपेक्षाही जास्त मीठ असू शकते. मसाल्याची पुडी अर्धीच वापरावी.

माळकरी पाहुण्यांचा प्रश्न

गुरुजींच्या पत्नी माळकरी. पंढरीची वारी न चुकवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी किमची 'कोबीचं लोणचं' म्हणून खाल्ली आणि चार दिवसांनी सुनेकडून कळले, की तीत मासळीचा अर्क असतो. त्यांना फार वाईट वाटले. पुढे दोन दिवस त्यांनी फळांवर काढले आणि चक्कर आली.

हे टाळता येण्यासारखे होते. नेहमीच्या किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क बहुधा असतोच. सुपाचे पाणी सुकवलेल्या छोट्या मासळीत उकळलेले असते. भाजीत दिसत नाही म्हणून ते नाही असे समजू नये. "कोगी पेगो चुसेयो" म्हणजे "मांस न घालता द्या" हे वाक्य उपयोगी आहे, पण मासळी आणि अंडे यांचे नाव वेगळे घेऊनच विचारावे लागते. बौद्ध मठांतले जेवण मात्र शुद्ध शाकाहारी असते. त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. मठात पाहुणे म्हणून राहण्याची सोय २००२ पासून आहे. शिवाय सोयाबीनच्या दुधातल्या थंड शेवया, भोपळ्याची पेज आणि टोफू यांतून पोट भरते. एकादशीला भाजलेली रताळी आहेतच. हिवाळ्यात ती तिथे रस्त्यावर आणि दुकानांत गरम मिळतात. सोबत घरून भाजलेले शेंगदाणे आणि कडक भाकरी न्यावी.

नाही म्हणता न येणारा प्याला

तिसरा प्रश्न मुलाचा. कचेरीतले सहकारी संध्याकाळी एकत्र जेवायला जातात, याला 'होएशिक' म्हणतात. तिथे 'सोजू' नावाची दारू असते. वडीलधाऱ्याने ओतलेला प्याला दोन्ही हातांनी घ्यायचा, तोंड बाजूला वळवून प्यायचा, स्वतःचा प्याला स्वतः भरायचा नाही आणि दुसऱ्याचा रिकामा ठेवायचा नाही, अशी रीत. यात आदर आहे, पण मोजदाद राहत नाही.

सोजूत सुमारे १६ टक्के मद्यार्क असतो. ३६० मिलिलिटरच्या एका बाटलीत तो सुमारे ४५ ग्रॅम भरतो, म्हणजे व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांपेक्षा जास्त. फळांच्या चवीची सोजू सरबतासारखी लागते, तिथे फसगत अधिक. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याची साखर रात्रीतून धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते आणि नशा समजून घरचे त्याला झोपू देतात. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नये. डोके दुखते म्हणून प्यायल्यावर पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणे यकृताला घातक.

न पिणाऱ्याने संकोच करू नये. "याक मॉक्को इस्सॉयो" म्हणजे "औषध चालू आहे" एवढे म्हटले की सहसा आग्रह थांबतो. प्याला रिकामा ठेवला तर तो भरला जाणारच, म्हणून त्यात आधीच साधे पाणी भरून ठेवावे. पाण्याऐवजी भाजलेल्या सातूचा चहा, 'बोरिचा', पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यात साखर नसते. मधुमेह्यांनाही तो चालतो.

निघण्यापूर्वी

गोळ्या पूर्ण मुदतीच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. झोपेची किंवा गुंगीची औषधे नेण्यास तिथे पूर्वपरवानगी लागू शकते, ती चौकशी आधीच करावी. तिथले घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. सकाळची गोळी तिथल्या सकाळीच घ्यावी. रक्तदाब मोजण्याचे यंत्र जवळ असावे आणि आठवड्यातून दोनदा आकडा वहीत लिहावा. गुरुजींनी एवढे केले असते तर दुसऱ्याच आठवड्यात कळले असते. रुग्णवाहिकेसाठी तिथला क्रमांक ११९ आहे, प्रवाशांच्या मदतीसाठी १३३०.

मीठ कमी करून आणि गोळ्या तशाच ठेवून गुरुजींचा दाब तीन आठवड्यांत १३४/८४ वर आला, सूजही उतरली. नातू होणार आहे, म्हणून पुढच्या वर्षी दोघे पुन्हा निघाले आहेत. जाताना यंत्र विकत घेणार आहेत.

"सूप सोडू का?" त्यांनी विचारले.

"सोडू नका," मी म्हटले. "वाटीतली भाजी खा, पाणी तेवढे ठेवा."