ग्लेन आणि स्ट्रॅथ

स्कॉटलंडच्या नकाशावर ‘ग्लेन’ने सुरू होणारी नावे जागोजागी आढळतात. ग्लेन को, ग्लेन नेव्हिस, ग्लेन रॉय. शब्दकोशात ग्लेनचा अर्थ मिळतो ‘दरी’. पण त्याच नकाशावर स्ट्रॅथस्पे, स्ट्रॅथनेव्हर अशीही नावे आहेत आणि ‘स्ट्रॅथ’चा अर्थही दरीच! मग दोन शब्द कशासाठी?

दोन्ही शब्द गेलिक भाषेतून इंग्रजीत आले. ग्लेनच्या मूळ शब्दाचा उच्चार ‘ग्ल्याउन’च्या जवळ जातो, तर स्ट्रॅथचे मूळ रूप ‘स्राह’सारखे ऐकू येते. वेल्श ही त्याच केल्टिक कुळातली भाषा. तिच्यातही ‘ग्लिन’ आणि ‘अस्त्राद’ अशी जोडी आहे. ग्लेन म्हणजे अरुंद, दोन्ही बाजूंना चढ असलेली दरी. स्ट्रॅथ म्हणजे रुंद, सपाट तळाची, मोठी नदी वाहणारी, शेतीजोगी दरी. आपण कृष्णेच्या खोऱ्याला कधी घळ म्हणत नाही, तसेच हे.

हे शब्द दरीचे रूप सांगतात, ती कशी झाली ते सांगत नाहीत. ग्लेन को हिमनदीने कोरून काढली आहे. इनव्हर्नेसपासून फोर्ट विल्यमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर सरळ गेलेली ‘ग्रेट ग्लेन’ मात्र मुळात भूकवचातल्या प्रस्तरभंगाची रेघ आहे. हिमनद्यांनी ती नंतर खोल केली. प्रसिद्ध लॉक नेस सरोवर याच रेघेत आहे.

ग्लेन रॉयची गोष्ट तर वर्गात सांगावी अशी आहे. तिच्या उतारांवर एकमेकींना समांतर अशा तीन आडव्या रेघा दिसतात, समुद्रसपाटीपासून साधारण २६०, ३२५ आणि ३५० मीटर उंचीवर. लोककथेत हे वीर फिंगलचे शिकारीचे रस्ते. चार्ल्स डार्विन १८३८ साली तेथे गेला आणि पुढच्या वर्षी त्याने लिहिले की हे जुने समुद्रकिनारे आहेत, जमीन वर उचलली गेली. १८४० मध्ये लुई आगासी आला. आल्प्सच्या हिमनद्या त्याच्या ओळखीच्या होत्या. त्याने सांगितले की बर्फाने दरीचे तोंड बंद केले, आत सरोवर साठले, त्याचे हे काठ. रेघा तीनच का? बर्फाच्या पुढेमागे होण्याने पाणी बाहेर सांडण्याची खिंड बदलत गेली. जी खिंड मोकळी, तिच्या उंचीला पातळी स्थिर. १८६० च्या दशकात थॉमस जेमिसनने हे तपशिलाने दाखवले आणि डार्विनने आपले मत सोडले. समुद्राचे शंखशिंपले तेथे सापडत नव्हते, ही अडचण त्याच्या मतात पहिल्यापासून होतीच.

स्ट्रॅथची जमीन चांगली, म्हणून तिच्यावर डोळा ठेवणारेही होते. उत्तरेकडील स्ट्रॅथनेव्हरमधून सदरलंड जहागिरीने १८१४ आणि १८१९ साली मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावले. अनेक घरे जाळली गेली. माणसांना समुद्रकाठच्या चिंचोळ्या, खडकाळ तुकड्यांवर बसवले. रोझाल या गावाच्या घरांचे दगडी पाये आजही त्या दरीत पाहायला मिळतात. दरीला स्ट्रॅथ म्हणणारे तेथून गेले, नाव तेवढे नकाशावर उरले. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलता येणारे लोक सुमारे ५७ हजार होते.