न भागणारे दोन अब्ज

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आकड्यांत २,१४,७४,८३,६४७. २चा ३१वा घात घेऊन त्यातून एक वजा केला की ही संख्या मिळते. १७७२मध्ये गणितज्ञ ऑयलरने एका पत्रात कळवलं, की ही मूळ संख्या आहे. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता आणि त्याला जवळपास काहीच दिसत नव्हतं!

सरळ मार्गाने जायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ४६,३४०पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या पावणेपाच हजारांहून जास्त. ऑयलरने आधी चाळणी लावली. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्येच्या कुठल्याही मूळ भाजकाला घातांकाच्या दुपटीने भागल्यावर बाकी १च उरते आणि ८ने भागल्यावर १ किंवा ७. छोट्या उदाहरणावर पाहा: २चा ११वा घात उणे एक म्हणजे २०४७, म्हणजेच २३ × ८९. दोघांनाही २२ने भागा, बाकी १. आठाने भागा, २३ची बाकी ७, ८९ची १. चोख!

३१ला या दोन्ही अटी लावल्या की उमेदवार उरतात ३७३, आणि त्यांतही मूळ संख्या ऐंशीच्या आसपास. पहिली ३११, बाकी ३५. दुसरी १३०३, बाकी २२६. असं करत शेवटपर्यंत जा, शून्य बाकी कुठेच येत नाही.

या संख्येपासून एक १९ अंकी परिपूर्ण संख्या बनते, म्हणजे स्वतःला वगळून उरलेल्या भाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते अशी. १८११मध्ये गणितज्ञ पीटर बार्लोने लिहून टाकलं, की याहून मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही; उपयोग नसलेल्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप करणार कोण? खटाटोप करणारे निघाले. २०२४मध्ये सापडलेली याच जातीची मूळ संख्या चार कोटी दहा लाखांहून जास्त अंकी आहे.

ऑयलरची संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की ओळीने ३१ एकच. म्हणून ३२ बिटांच्या संगणकात, एक बिट चिन्हाला दिल्यावर, मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. १ जानेवारी १९७०पासून सेकंद मोजणारी तसली जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ला, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, काठोकाठ भरतील आणि पुढच्याच सेकंदाला डिसेंबर १९०१ दाखवतील. पण हा नुसत्या आकाराचा भाग झाला; संख्या मूळ नसती तरी हे घडलंच असतं.

तिच्या मूळपणाची खरी कमाई दुसरीकडे दिसते. १ घ्या, १६,८०७ने गुणा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा. तिला पुन्हा १६,८०७ने गुणा. येतात १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३. दिसायला सगळं यादृच्छिक. म्हणूनच १९८८मध्ये संगणकशास्त्रज्ञ पार्क आणि मिलर यांनी यादृच्छिक संख्यांसाठी हीच कृती किमान प्रमाण म्हणून सुचवली. या फेरीत १ ते २,१४,७४,८३,६४६ यांतली प्रत्येक संख्या नेमकी एकदा येते, मगच पुन्हा १. भाजक मूळ नसता, तर कितीतरी संख्यांची पाळी कधी आलीच नसती.