घोड्याच्या माश्या, मामाचे गिनी फाऊल आणि एक न उघडलेलं पोतं

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. आज कोडिंग नाही, पण बग आहेत. खरेखुरे, सहा पायांचे.

माझ्या मामाकडे वरातीचे दोन घोडे आहेत. पावसाळा सुरू झाला की तबेल्यात माश्यांचा नुसता कहर. घोडे सारखे पाय आपटतात, शेपटी फिरवतात, चंदी नीट खात नाहीत. गेल्या वर्षी मामाने कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि मला फोन केला, "अरे, गिनी फाऊल पाळले की माश्या संपतात म्हणे. जरा शोधून सांग की खरं का खोटं." आता भाच्याने बीटेक केलंय म्हटल्यावर त्याला सगळंच माहीत असणार, नाही का? असो. शोधलं. उत्तर आहे: अर्धं खरं.

आधी शत्रू ओळखू. तबेल्यात मुख्यतः दोन माश्या असतात. एक आपली घरमाशी. ती चावत नाही, घोड्याच्या डोळ्यांतलं पाणी चाटत बसते. दुसरी दिसायला अगदी तशीच, पण तोंडाला सुईसारखी सोंड. ही चावरी माशी नर असो वा मादी, रक्त पिते आणि तेही बहुतेक पायांचं. म्हणून घोडा पाय आपटतो. पोट भरलं की ती जाऊन भिंतीवर बसते.

हा नुसता त्रासाचा प्रश्न नाही. चावऱ्या माश्या आणि गोमाश्या एका जनावराचं रक्त पिता पिता दुसऱ्याला 'सर्रा' रोग देतात. त्याचा परजीवी १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. आणि पुढचं ऐका. हा परजीवी माणसात सापडल्याची पहिली पक्की नोंद आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची आहे, २००४-०५ च्या सुमाराची. तो उपचारांनी बरा झाला. माणसात हे फारच दुर्मिळ, पण घोड्यासाठी सर्रा जीवघेणा ठरू शकतो.

आता गिनी फाऊल. मूळचा आफ्रिकेतला पक्षी, करड्या अंगावर पांढरे ठिपके. भारतात नवीन नाही. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिने कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशा जाती विकसित केल्यात. हे पक्षी दिवसभर टोळीने फिरतात आणि टोळ, गोचीड, अळ्या, जे दिसेल ते टिपतात. कोंबडीसारखं बागेत उकरून ठेवत नाहीत. रात्री कोणी आलं की असा कलकलाट करतात की कुत्र्याची गरज नाही.

मग अर्धं खरं का? कारण उडणारी माशी पकडणं त्यांनाही अवघड. भिंतीवर उंच बसलेली तर हाताबाहेरच, म्हणजे चोचीबाहेर. त्यांचा खरा उपयोग लिदीतल्या अळ्या आणि कोष खाण्यात. आता गणित करा. एक घोडा दिवसाला साधारण २० किलो लीद टाकतो. दोन घोडे, सात दिवस, म्हणजे २८० किलो. आपल्याकडच्या उन्हात घरमाशीचं अंडं ते माशी हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो आणि एक मादी एका वेळी शंभरेक अंडी घालते. एवढ्या ढिगाला दहा पक्षी कुठे पुरणार?

म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर गिनी फाऊल हा पॅच आहे, रूट कॉज लिदीत आहे. लीद रोज उचला. चिपाड, ओला पेंढा, मुताने भिजलेलं गवत साठू देऊ नका, कारण चावरी माशी तिथेच वाढते. ढीग तबेल्यापासून लांब करा आणि प्लॅस्टिकने झाका, आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. तबेल्यात एक दणकट पंखा लावा, वाऱ्यात माशीला टिकता येत नाही. एवढं केल्यावर उरलेल्या अळ्या टिपायला पक्षी झकास.

पाळायचेच असतील तर पिल्लंच आणा. मोठे पक्षी आणले तर उडून जातात. पिल्लांना पहिले काही आठवडे कोरडं आणि उबदार ठेवा, ओली झाली की दगावतात. सोडण्याआधी चार-सहा आठवडे खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. आणि रात्री तबेल्याच्या आढ्यावर बसू देऊ नका, नाहीतर सगळी विष्ठा घोड्याच्या चंदीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मामाने पिल्लांसाठी ब्रॉयलर कोंबड्यांचं तयार खाद्य आणलं आणि पोतं चंदीच्या पोत्याशेजारी ठेवलं. नशीब, त्याच दिवशी घोड्यांना तपासायला डॉक्टर आले. त्यांनी पोत्यावरचं लेबल वाचलं आणि म्हणाले, "हे आधी इथून बाहेर काढा." त्यात मोनेन्सिन होतं. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून हे औषध खाद्यात घालतात. कोंबडी ते पचवते. घोड्याला मात्र वजनाच्या किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम एवढंही जीवघेणं ठरू शकतं. हृदयाचे स्नायू निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. गंमत बघा, गिनी फाऊलही यानेच मरतात! म्हणजे एका पोत्यात घोडेही गेले असते आणि पक्षीही. सॅलिनोमायसिन नावाचं औषधही घोड्याला तितकंच घातक. म्हणून लेबल वाचा, औषध नसलेलं खाद्य मागा, आणि तेही घोड्याचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी कुलपात ठेवा.

मामाकडे आता आठ गिनी फाऊल आहेत. माश्या संपल्या का? नाही. पण कमी झाल्यात, आणि मामा प्रामाणिकपणे सांगतो, "पक्ष्यांपेक्षा फावड्याने जास्त काम केलं रे." पक्षी आणल्यावर ते फिरायला जागा मोकळी हवी म्हणून तो लीद रोज उचलायला लागला, हे खरं कारण!

तुमच्या ओळखीत कोणाकडे घोडा असेल तर बाकी काही नाही, निदान लेबलचा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!