स्टुडिओचे वायरिंग : गुणगुण घालवा, पण अर्थिंग तोडू नका

पूर्वी रेकॉर्डिंग स्टुडिओ म्हटला की मुंबई-पुण्याचे नाव निघे. आता तालुक्याच्या गावीही एखाद्या गाळ्यात भिंतींना फोम लावून, मिक्सर, मॉनिटर स्पीकर आणि कॉम्प्युटर मांडून स्टुडिओ उभा राहतो. त्याच्या वायरिंगसाठी बोलावणे येते ते घर-दुकानाची फिटिंग करणाऱ्या आपल्याच कारागिराला. काम नीटनेटके होते, दिवे लागतात, पंखे फिरतात. पण स्पीकर चालू करताच एकसारखी गुणगुण सुरू होते. मालक मिक्सरच्या दुकानदाराला दोष देतो आणि दुकानदार वायरमनला. बहुतेक वेळा यंत्र ठीकच असते. चूक जोडणीत असते.

आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तने. ही ५० आवर्तने ध्वनीच्या तारेत शिरली की खर्जातली गुणगुण ऐकू येते. समजा, मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर आहे आणि अॅम्प्लिफायर समोरच्या भिंतीच्या. दोघांनाही अर्थिंग आहे, पण वेगवेगळ्या वाटांनी आलेले, त्यामुळे दोहोंत दाबाचा थोडासा फरक राहतोच. मग मिक्सरपासून अॅम्प्लिफायरपर्यंत केबल टाकली की तिच्या बाहेरच्या जाळीतून दोन्ही अर्थ जोडले जातात, एक कडे पूर्ण होते आणि त्यातून प्रवाह फिरू लागतो. साध्या केबलमध्ये ही जाळीच ध्वनीची परतीची वाट असल्यामुळे हा प्रवाह ध्वनीत मिसळतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

यावर आपल्याकडे जो इलाज सर्रास केला जातो, त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. अॅम्प्लिफायरच्या प्लगमधील जाड पिनेची वायर कापून टाकतात. कडे तुटते, गुणगुण थांबते, मालक खूश होतो. पण उद्या त्या अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटले तर फेज थेट त्याच्या पत्र्यावर येतो. त्याला जमिनीत जायला वाट फक्त ध्वनीच्या केबलची बारीक जाळी. मिक्सरचीही पिन कापलेली असेल तर तीही वाट नाही; मग विजेचा दाब थेट माइकच्या धातूच्या जाळीपर्यंत पोहोचतो आणि गाणाऱ्याचे ओठ तिलाच टेकलेले असतात. असे काम कोणी कितीही पैसे दिले तरी हातात घेऊ नये, आणि दुसऱ्याने केलेले दिसल्यास आधी ती पिन जोडावी.

खरा इलाज मुळापासून करावा लागतो. ध्वनीची सगळी यंत्रे एकाच फेजवर, एकाच बोर्डावरून घ्यावीत. प्रत्येक प्लगची अर्थ वायर दुसऱ्या प्लगवरून ओढत न नेता थेट बोर्डाच्या एकाच अर्थ पट्टीवर आणावी. एअर कंडिशनर, पंप आणि डिमरचे दिवे यांना निराळे सर्किट द्यावे. बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी अवश्य बसवावा. विजेची आणि ध्वनीची वायर एका पाइपात कधीच घालू नये. दोघींत फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावी. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग उत्तम, असे समजू नये, कारण मीटर इतका थोडा प्रवाह ओढतो की कच्चे अर्थिंगही त्याला चालते. अर्थ टेस्टरने मापून घ्यावे. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला मालकाला सांगून ठेवावे.

दुसरा भाग केबलचा. व्यावसायिक यंत्रांना तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर असतो. एक नंबरला जाळी, दोनला सरळ ध्वनी, तीनला तोच उलटा. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्ही तारांत सारखीच येते, पुढचे यंत्र मात्र दोहोंतला फरक तेवढा उचलते. म्हणून गुणगुण आपोआप कटते. दोन आणि तीनची अदलाबदल झाली तर आवाज येतो खरा, पण दोन माइक एकत्र लावताच तो पोकळ वाटतो. कॉम्प्युटरसारख्या साध्या जोडणीच्या यंत्रामुळे लूप झालाच तर मधे ध्वनीचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा. पिन कापण्याचे काम तो सुरक्षितपणे करतो.

माइकच्या केबलची जाळी मात्र दोन्ही टोकांना जोडलेलीच हवी. कंडेन्सर माइकला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा होतो. तो दोन आणि तीन नंबरवरून जातो आणि जाळीतून परत येतो. पॅच बेवर जॅक घालण्यापूर्वी फँटम बंद करावा, कारण जॅक आत सरकताना हे व्होल्ट क्षणभर भलत्याच जागी टेकतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना मोठा मिक्सर घेतला असेल तर त्याचा पॉवर सप्लाय बहुधा वेगळ्या पेटीत असतो. आतील सर्किटना धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे लागतात, साधारण १५ ते १८ व्होल्टचे. चालू असताना ही जोडणी उपसू नये. एक बाजू आधी सुटली तर स्पीकरला जबर धक्का बसतो. अशा पेटीतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांगणिक सुकतात आणि गुणगुण येते, ती बहुधा १०० आवर्तनांची, थोडी वरच्या पट्टीतली. ओळखायची सोपी रीत अशी : मिक्सरला बाहेरून जोडलेल्या सगळ्या ध्वनी-केबल काढून हेडफोन लावावा. गुणगुण गेली तर लूप, राहिली तर सप्लाय.

चालू करताना मॉनिटर आणि पॉवर अॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. हे एका कागदावर लिहून बोर्डाजवळ चिकटवावे आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर घालावेत.

दर सांगताना नुसते पॉइंट मोजू नयेत. एका एक्सएलआर केबलला सोल्डरिंगचे सहा सांधे असतात. सोळा माइकच्या लाइनला ९६. तेवढा वेळ धरूनच कोटेशन द्यावे.