ग्रंथ उघडणारे दालन



लेखकाचा चष्मा, दौत आणि काठी काचेच्या पेटीत मांडली की वाङ्मयाचे संग्रहालय सिद्ध झाले, अशी आपली समजूत असते. या वस्तूंविषयी मला आदर आहे. परंतु त्या लेखकाची आठवण देतात, त्याचा ग्रंथ उघडून देत नाहीत. ग्रंथच प्रेक्षकापुढे कसा उभा करावा, याचे उदाहरण जर्मनीतील ल्यूबेक नगरीत सापडते.

टोमास मान यांची ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी १९०१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील व्यापारी कुटुंबाचे घर लेखकाच्या आजी-आजोबांच्या घरावरून घेतलेले आहे. १९४२ च्या बॉम्बवर्षावात त्या घराची दर्शनी भिंत आणि तळघर तेवढे वाचले. पुढे २००० साली तेथील प्रदर्शनात दोन दालने कादंबरीतील वर्णनाबरहुकूम सजविण्यात आली. नष्ट झालेल्या खोल्यांचा आराखडा कादंबरीनेच पुरविला.

आपल्या भागात असे काय करता येईल? बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव. त्यांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. कालिदासाचे हे नाटक १७८९ मध्ये विल्यम जोन्स यांनी इंग्रजीत आणले होते. त्यावरून १७९१ मध्ये गेऑर्ग फोर्स्टर यांनी ते जर्मन भाषेत नेले आणि महाकवी गटे ते वाचून मोहून गेला. बसवप्पा शास्त्री यांनी तेच नाटक कन्नडमध्ये उतरविले.

हा प्रवास एका खोलीत मांडता येईल. भिंतीवर शकुंतलेच्या पाठवणीचा प्रसंग संस्कृत, जर्मन, मराठी व कन्नड या चार भाषांत असावा. नाट्यपदे ऐकण्याची सोय असावी. पेटीत एक अंगठी आणि शेजारी केवळ अंकाचा क्रमांक. ती कोणाला सापडली, हे जाणण्यासाठी मुलाने बाकावरचे पुस्तक उघडावे.

मी अनेक वर्षे ‘शाकुंतल’ शिकविले. विद्यार्थ्यांना गुण मिळाले, परंतु परीक्षेनंतर ते पुस्तक पुन्हा हाती घेणारे थोडेच निघाले. तो उणेपणा माझ्या अध्यापनाचा होता. सीमाभागातील मुलाला मराठी पुष्कळदा वादाचा विषय म्हणून प्रथम भेटते. ती त्याला आनंद म्हणून भेटावी, आणि त्या आनंदात शेजारची कन्नडही असावी, ही माझी तळमळ आहे.

शाळेने एक रिकामी खोली द्यावी. घरी जपलेली जुनी नाटकाची पुस्तके माजी विद्यार्थ्यांनी आणावीत. माझी प्रत मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.