नोंद ठेवणारा कॅमेरा

२५ नोव्हेंबर १९९७ची सकाळ. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळच्या जंगलात एका निष्पर्ण झाडावर एक लहानसे घुबड उन्हात बसले होते. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या अमेरिकी पक्षी-अभ्यासकांनी त्याची छायाचित्रे घेतली, चित्रीकरणही केले. तो रानपिंगळा होता. १८८४ नंतर या पक्ष्याची एकही विश्वासार्ह नोंद उरलेली नव्हती. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा असलेला एक नमुना होता, पण रिचर्ड माइनर्टझहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोट्या चिठ्ठीसह आपल्या नावावर खपवला होता, हे रासमुसेन यांनीच शोधून काढले. खोट्या नोंदीने शोधकर्त्यांना चुकीच्या मुलखात पाठवले होते. शहाद्याच्या छायाचित्रांनी रानपिंगळा जिवंत असल्याचे सिद्ध केले, आणि त्यासाठी एकाही पक्ष्याचा जीव घ्यावा लागला नाही.

डोंगरात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने ही हकिकत लक्षात ठेवावी. निसर्गाचे छायाचित्र ही आधी नोंद असते, मग कलाकृती. नोंद खरी हवी, आणि जिची नोंद घेतली ती गोष्ट नंतरही तिथेच, तशीच राहायला हवी. या दोन अटी पाळून काढलेले साधे छायाचित्रही अनेक वर्षांनी मोलाचे ठरते.

कडे आणि धुके

सह्याद्रीच्या नोंदींची परंपरा कॅमेऱ्याहून जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला. हरिश्चंद्रगडावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन त्याने १८३५ साली छापून आलेल्या आपल्या हवामानविषयक निबंधात केले. फ्रान्समध्ये छायाचित्रणाची रीतसर घोषणा झाली ती त्यानंतर चार वर्षांनी, १८३९ मध्ये. आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो ते हेच. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, समोरच्या दरीत धुके भरलेले असते, आणि त्या धुक्यावर आपलीच सावली पडून तिच्याभोवती रंगांची कडी उमटतात. या वलयांचे केंद्र पाहणाऱ्याच्या डोक्याच्या सावलीशी असते, त्यामुळे शेजारी उभ्या दोघांपैकी प्रत्येकाला आपल्याच डोक्याभोवती वलय दिसते. इथे यश मिळते ते सूर्याची दिशा आणि धुक्याची पातळी ओळखणाऱ्याला. कड्याच्या टोकाला लोंबकळून काहीही जास्त मिळत नाही.

धुके आणि काळा कातळ दोन्ही कॅमेऱ्याला फसवतात. स्वयंचलित मोजणी सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे धरून चालते. त्यामुळे धुक्याने भरलेली दरी मळकट येते आणि भिजलेला कातळ फिका पडतो. धुक्यात एक्स्पोजर थोडे वाढवावे, कातळावर थोडे उतरवावे. सह्याद्रीचा स्वभाव मात्र हिवाळ्यातल्या कोवळ्या, तिरप्या उन्हात कळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी हे डोंगर घडले. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते थर सपाट दिसतात. सकाळी सूर्य नुकताच वर आला की प्रत्येक थराखाली सावलीची रेघ उमटते आणि डोंगर कसा रचला गेला ते छायाचित्रात वाचता येते.

सड्यावरची फुले

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक आहे. महाराष्ट्रातली उरलेली तीन म्हणजे कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासला जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवे, कवला यांचे ताटवे येतात. यातल्या बऱ्याच वनस्पतींचे आयुष्य एका पावसाळ्याचे: उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि संपायचे. बी धरण्याआधी तुडवलेल्या झाडाचा वंश त्याच जागी थांबतो. ताटव्यात बसून फोटो काढणाऱ्याने पुढच्या वर्षीचा ताटवा मोडलेला असतो. म्हणूनच तिथे रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. ती अडचण न मानता आपण तिचे रक्षण करायला हवे.

वाटेवरूनही उत्तम चित्र मिळते. ढगाळ प्रकाश फुलांना फार मानवतो, कारण सावल्या मऊ होतात आणि जांभळा-पिवळा रंग जळत नाही. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होते. कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणला की मागचे पठार, पाण्याचे डबके, ढग हेही चौकटीत येतात. फूल कुठल्या जमिनीवर, कुणाच्या शेजारी वाढते हे त्यातून कळते.

अभ्यासकाला नुसती पाकळी पुरत नाही. ओळख पटायला पाने, खोड, कळी, फळ आणि परिसर यांची वेगवेगळी चित्रे लागतात. कंदीलपुष्पाचेच पाहा. समोरून घेतलेल्या चित्रात त्याची खरी करामत दिसत नाही. ती बाजूने दिसणाऱ्या नळीत आहे. बारीक माश्या त्या नळीत उतरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे काही काळ अडकतात, केस कोमेजले की परागकण घेऊन बाहेर पडतात. कारवीसारखी झुडपे तर सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या फुलतात. कोणत्या डोंगरावर ती कोणत्या वर्षी फुलली, हे तारखेसह जपलेल्या छायाचित्रांवरून ठरवता येते. म्हणून कॅमेऱ्यातली तारीख बरोबर ठेवणे हे लेन्स पुसण्याइतकेच आवश्यक काम आहे.

रात्र, घरटी आणि कायदा

भंडारदऱ्याच्या परिसरात मेअखेरीपासून पहिला पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांनी झाडे उजळतात. ऐश्वर्या श्रीधर यांनी तिथे टिपलेले काजव्यांच्या झाडाचे छायाचित्र २०२० च्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत गौरवले गेले. त्यानंतर तसेच चित्र मिळवण्याची ओढ अनेकांना लागली तर नवल नाही. पण काजव्याचा प्रकाश ही नर-मादीची एकमेकांना घातलेली साद आहे. गाडीचे दिवे, विजेऱ्या, फ्लॅश यांच्या झोतात ती साद हरवते. अंधार होण्याआधी ट्रायपॉड लावावा, दिवे बंद ठेवावेत, वाट सोडून गवतात शिरू नये. शटर जास्त वेळ उघडे ठेवले की काजवे स्वतःच्या प्रकाशानेच चित्रात येतात.

आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री मलबारी चापडा हा साप फांदीवर दबा धरून निश्चल बसलेला आढळतो. भक्ष्यासाठी निवडलेल्या त्या जागी तो बराच काळ थांबतो. चांगली पार्श्वभूमी हवी म्हणून काठीने उचलून त्याला दुसऱ्या फांदीवर ठेवणाऱ्याच्या चित्रात साप खरा असतो, वर्तन खोटे. मुद्रित आवाज लावून पक्ष्याला बोलावणेही याच जातीचे: पक्षी नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजायला येतो आणि त्याचे चारा आणणे, पिल्ले राखणे थांबते. घरट्यासमोरच्या फांद्या बाजूला केल्या तर पिल्ले उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी प्रवेश द्यायचा तो अधिवासात बदल न करण्याच्या आणि त्याला बाधा न आणण्याच्या अटीवर, हे २०२२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

खोटेपणा उघडकीला येतोच. त्याच ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले आले होते. तो लांडगा पाळलेला असण्याची शक्यता मोठी आहे असे परीक्षकांना आढळल्यावर २०१० च्या जानेवारीत पुरस्कार काढून घेतला गेला.

नोंदीचे पुढे काय

गेल्या काही वर्षांत आपल्या हौशी छायाचित्रकारांकडे मोठा ठेवा जमा झाला आहे, पण तो बहुतेक फोनमध्ये आणि हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. आयनॅचरलिस्ट, ई-बर्ड, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर तारीख आणि ठिकाणासह चित्र टाकले की जाणकार ओळख पटवतात आणि ती नोंद अभ्यासाला उपलब्ध होते. दुर्मीळ ऑर्किड, साप, घुबडे यांचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करू नये. आयनॅचरलिस्टवर धोक्यात असलेल्या अनेक जातींची जागा आपोआप धूसर होते. समाजमाध्यमांवर ती काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

रानपिंगळ्याची पुढची कहाणीही नोंदींनीच घडवली. तो मेळघाटात सापडला, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा धरणाभोवतीच्या अभयारण्यात त्याची नोंद झाली. आपल्या घराजवळच्या डोंगरात काय आहे, हे अजून पुरते कुणी लिहून ठेवलेले नाही. वाचकहो, यंदाच्या हिवाळ्यात एक टेकडी, एक तळे किंवा एक देवराई निवडा. दर महिन्याला तिथे जा, काहीही न हलवता, न तोडता चित्रे काढा, तारीख-ठिकाण लिहा आणि ती नोंद अभ्यासकांपर्यंत पोहोचवा.